उंबरावरचा माणूस

मुख्याध्यापक झाल्यापासून मी स्टाफरूममध्ये गेलो की चाललेली बोलणी थांबतात. कालपर्यंत माझ्या बशीतली भजी हक्काने उचलणारे सहकारी उठून उभे राहतात. मान वाढतो, पण माणसे चार पावले मागे सरतात. त्यातच तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली. धारगळातल्या आमच्या घरी चतुर्थीला माटोळीखाली उभे राहायला जागा नसते, इतके आप्त जमतात. त्या गर्दीतच मला सर्वांत एकटे वाटते. कोणाचे काही चुकते म्हणून नव्हे. माझ्याकडे बघून प्रत्येकाला हेडमास्तर तेवढा दिसतो.

आमच्या शाळेत कोलवाळहून पूल ओलांडून येणाऱ्या एक टीचर होत्या. साऱ्या स्टाफमध्ये त्या एकट्याच ख्रिस्ती. सरस्वतीपूजनाला आरास करायला पुढे असत आणि आरती सुरू झाली की हळूच मागे सरकत. एकदा मधल्या सुट्टीत मी ऑफिसात नुसताच बसलेला पाहून त्या दारात थांबल्या. "सर, जेवले?" एवढेच त्यांनी विचारले. मग गोष्टीवरून गोष्ट निघाली आणि त्यांनी जक्कयाचे नाव काढले.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायातला हा यरीहोचा जकातदार. पैसेवाला, ठेंगणा, गावाला नकोसा. (पत्रादेवीच्या नाक्यावर ज्यांनी तासन्‌तास काढले, त्यांना जकातदाराविषयी वेगळे सांगायला नको!) येशू गावातून चालला होता. गर्दी याला पुढे येऊ देईना, म्हणून हा उंबरावर चढला. येशू झाडाखाली थांबला, वर पाहिले, नावाने हाक मारली आणि म्हणाला, आज तुझ्याच घरी उतरायचे आहे.

"जेजूक ताचें नांव खबर आशिल्लें, सर," टीचर म्हणाल्या.

आम्ही दत्तभक्त, उंबर दिसला की हात आपोआप जोडले जातात. पण उंबरावर बसलेला माणूस प्रथमच दिसला. रात्री मी तो अध्याय काढून वाचला. गरिबांना अर्धी मालमत्ता देईन, असे जक्कय म्हणतो ते नंतर. हाक त्याच्या आधी आलेली आहे. लोक तर तेव्हाही कुरकुरतच होते. गर्दी बदलली नाही, तरी त्याचे एकटेपण संपले.

मग लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि ही बाई नवरा हयात असून नवऱ्यावाचून, नात्यागोत्याच्या गराड्यात राहिली. तिच्याविषयी सगळे बोलत असतील, तिच्याशी कितीजण? नवऱ्याच्या मागोमाग म्हणून ती ख्रिस्ती झाली नाही. स्वतःच्या चालीने, स्वतःशी वाद घालत 1900 मध्ये तिथवर पोचली. 'स्मृतिचित्रे' एम.ए.ला असताना मी विनोदासाठी वाचले होते. आता वाचताना हसू येते, पण मध्येच पुस्तक मिटून ठेवावे लागते.

मी धर्म बदललेला नाही. गुरुवार चुकत नाही. जनीबरोबर दळायला बसणारा विठ्ठल आणि झाडाखाली थांबलेला येशू यांत मला तरी भांडण दिसत नाही. खुद्द टिळकही तुकोबांच्याच वाटेने ख्रिस्ताकडे गेल्याचे सांगत.

त्या टीचर पुढे निवृत्त झाल्या. आमच्या भागात बांधकामे वाढली, तशी परप्रांतीय मजुरांची मुले शाळेत येऊ लागली. त्यांतला नववीतला एकजण मधल्या सुट्टीत कायम पाण्याच्या टाकीमागे बसायचा. गेल्या जूनमध्ये मी व्हरांड्यातून त्याला पूर्ण नावाने हाक मारली. पोर घाबरून ऑफिसात आले.

"सर, मी काय केलं?"

"काही नाही रे. बस. जेवलास?"

मी माझा डबा उघडला.