बाबांना गावी पोहोचविताना

वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील आमची १६० चौरस फुटांची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करायची वेळ आली, तेव्हा बाबांनी सांगून टाकलं, "इमारत होईस्तोवर मी संक्रमण शिबिरात राहणार नाही. मले गावी नेऊन घाल."

गाव मेहकर तालुक्यातलं. बाबांचं वय ७५, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आई जाऊन दोन वर्षं झालेली. मी बरंच समजावलं. शेवटी २०२५ च्या नोव्हेंबरात टेम्पो ठरविला.

सामान ते काय! एक लोखंडी कपाट, पिंप, दोन ट्रंका आणि आईचं पायाचं शिलाई मशीन. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि साचेखात्यातले बाबा घरी बसले, ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. पुढे वॉचमनची नोकरी लागेपर्यंत या मशीनने आम्हाला जगविलं. ते दोरीने आवळायला ड्रायव्हरला अर्धा तास लागला. बाबासाहेबांची तसबीर मात्र बाबांनी मागे ठेवू दिली नाही, मांडीवर घेतली.

ड्रायव्हर म्हणाला, समृद्धीने जाऊ. ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला; तो मेहकरजवळूनच जातो. दिवस मावळायच्या आत पोहोचलो असतो. पण बाबा अडून बसले, "जुन्या रस्त्यानं चाल. येवल्यावरून."

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, लाल मिलो खाऊन कंटाळलेले बाबा जालन्याहून छोट्या गाडीने मनमाडला आणि तिथून मुंबईला आले. पुढेही येणंजाणं रेल्वेनंच. नगरसूल स्टेशन कितीदा गेलं, पण त्याच तालुक्याचं येवला गाव पाहायचं राहून गेलं होतं.

कसारा घाट चढून नाशिकला चहा घेतला, तिथं मी विषय काढलाच. जयंतीच्या सभांतून मी स्वतः सांगत आलो आहे की, बाबासाहेबांनी आपल्याला खेडं सोडायला सांगितलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याबद्दल किती कडक मत मांडलं! आणि माझेच वडील परत निघाले. लोकांना काय सांगू?

बाबा बशीतला चहा संपेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "तवा पाणी कुणी वरून ओतलं तर प्यायचो. आता नळ माझ्या दारात आहे. घरकुल माझ्या नावावर आहे. मी कोणाच्या पाया पडायला चाललो का?"

निफाड मागे टाकून दुपारी येवल्याला मुक्तिभूमीवर पोहोचलो. १३ ऑक्टोबर १९३५ ला इथं धर्मांतराची घोषणा झाली आणि २१ वर्षांनी नागपूरला ती खरी झाली, हे मी भाषणात कितीदा बोललो असेन. बाबांनी चपला काढल्या, त्रिसरण म्हटलं, तसबीर क्षणभर खाली टेकविली आणि पुन्हा उचलली. तसबीर कशाला न्यायची, हे मी विचारलं नाही.

वैजापूर, छत्रपती संभाजीनगर, जालना... अंधार पडला होता. सिंदखेडराजाच्या पुढे बाबा झोपी गेले. मी बाजूला बसून हिशेब करीत होतो : गोळ्या तीन महिन्यांच्या, दवाखाना नऊ किलोमीटरवर, रात्री काही झालं तर चुलतभावाच्या मुलाची मोटारसायकल. ती तरी दारात असेल का? मला हा हिशेब अजून जमलेला नाही.

वस्तीत पोहोचलो तर दहा-बाराजण जागे होते. "जयभीम, आबा!" म्हणत पोरांनी सामान उतरविलं. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं हेही तेव्हाच कळलं. बाबांनी ते मला सांगितलं नव्हतं. मशीन खिडकीशी लावलं. चुलतभावाची नात त्यावरून हात फिरवीत म्हणाली, "आबा, चालते का?"

सकाळी मी एस.टी.ने निघालो. थांब्यापर्यंत सोडायला बाबा आले नाहीत. मशीनला तेल देत बसले होते. जालन्याला पोहोचतो तोच फोन आला, "बॉबीन सापडत नाही. तुह्या पिशवीत तर नाही गेली?"

पिशवी उपसली. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ती निघाली. पुढल्या महिन्यात न्यायची आहे.