शोभा आणि स्वच्छता

मोटार धुवून तिला नव्याची कळा आणून देणारीं दुकानें आतां लहान गांवांतूनही निघालीं आहेत. बाहेरचा पत्रा चकाकला कीं तेथील कारागीर चाकांवरील कमानींच्या आंत व गाडीच्या पोटाखालीं एक काळें द्रव्य फवारतात. त्यानें विटलेलें प्लास्टिक व रबर काळेंभोर दिसूं लागतें. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या चिरंजीवांची गाडी अशीच सजून आली. सूनबाईंनीं कौतुक केलें. नातवानें मात्र कमानीच्या दुमडलेल्या कडेंत बोट घातलें, तों झिलईखालून ओल्या तांबड्या मातीचा गोळा बाहेर आला!

आम्ही रत्नागिरीकडील राहणारे. लोखंडास गंज चढण्यास पाणी व प्राणवायु लागतात आणि खारा वारा त्या क्रियेस वेग आणतो, हें शाळेंतील मुलेंही जाणतात. कडेंत दडलेली माती ओल धरून ठेवते. तीवर झिलई चढविली म्हणजे रोग झांकतो, बरा होत नाहीं. शिवाय ब्रेकच्या तेलाच्या बारीक नळ्या याच पोटाखालून जातात. तेथें गंज लागला तर प्रश्न शोभेचा राहत नाहीं, घरच्या माणसांच्या जिवाचा होतो.

पुढें चिरंजीवांनीं गाडी एका जुन्या कारागिराकडे नेली. आम्हीही सोबत गेलों. त्यानें गाडी उंच चढवून चाकें उतरविलीं आणि म्हटलें, "गुरुजी, आधीं माती काढायची, मग सुकवायचं. काळं लावायचं तें सगळ्यांत शेवटीं." पाण्याच्या झोतानें व ब्रशानें त्यानें कडा मोकळ्या केल्या, पाणी निथळण्याचीं भोकें उघडलीं आणि गाडी पुरती सुकूं दिली. गंजाचे ठिपके घांसून त्यांवर अस्तराचा रंग दिला. गंज अडविणारा मेणासारखा लेप निराळा व शोभेचें द्रव्य निराळें, हेंही त्यानेंच समजाविलें. तें द्रव्य त्यानें केवळ प्लास्टिकवर व रबरावर पातळ लावून जास्तीचें पुसून घेतलें. ब्रेकची तबकडी, टायरचा रस्त्यास टेंकणारा भाग आणि सायलेन्सर यांस त्याचा स्पर्शही होऊं दिला नाहीं. तबकडीवर तें पडलें तर ब्रेक नीट धरीत नाहीं. पोटाखालीं डिझेल फवारण्याची जुनी चाल आम्ही विचारली, तेव्हां त्यानें मान हलविली. डिझेलनें रबर फुगतें व धूळ चिकटून बसते.

आमच्या शास्त्रकारांनीं शौचाचे बाह्य व आभ्यंतर असे दोन भेद केले आहेत. आपल्या घरांतील बायकाही अंगण झाडून, सडा घालून मगच रांगोळी काढतात. केरावर रांगोळी कोणी काढीत नाहीं. मोटारीसही हाच क्रम लागू आहे. तेव्हां वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, पावसाळा सरला म्हणजे गाडी धुवून आल्यावर पैसे चुकते करण्यापूर्वीं बॅटरी घेऊन एकदां खालीं वांकावें, आणि कमानीच्या कडेवरून बोट फिरवून पाहावें.