काळ्या मातीची गव्हाण

आमच्या घरी नाताळचं झाड पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, असतं. वेचणी आटोपलेल्या ओळीतून मुलांचे आबा चांगल्या फांद्यांची एक पऱ्हाटी मुळासकट उपटतात आणि वर्ध्याला घेऊन येतात. पानं गळून गेलेली असतात. बोंडांची वाळली टरफलं मात्र फांद्यांवर तशीच असतात, आणि वेचणाऱ्या बायांच्या बोटांतून सुटलेला कापूस त्यांत अधूनमधून अडकलेला असतो. आल्याआल्या आबा किडकी बोंडं शोधून तोडतात आणि जाळतात. गुलाबी बोंडअळीचा २०१७चा हंगाम विदर्भात कोणी विसरलेलं नाही. हंगाम संपल्यावर पीक उभं ठेवून फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत उपटा, हे तेव्हापासून दरवर्षी बजावून सांगितलं जातं. म्हणजे हे झाड शेतातून निघायचंच होतं. जाता जाता ते वाळूच्या बादलीत उभं राहून चार दिवस आमच्याकडे मुक्काम करतं.

बाजारात प्लास्टिकची झाडं मिळतात आणि त्यांच्यावर कापूस चिकटवून बर्फ करतात. ज्याला आवडतं त्याने जरूर करावं. पण वर्धा जिल्ह्यातल्या लेकरांना कापूस म्हणजे बर्फ असं सांगायला माझी जीभ वळत नाही. कापूस काय असतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. वेचणीच्या दिवसांत चिरलेली आजीची बोटं, हिंगणघाटच्या बाजाराकडे निघालेल्या गच्च भरलेल्या गाड्या, रात्री जेवताना निघणारा भावाचा विषय, हे सगळं त्यांनी पाहिलं-ऐकलं आहे. आमच्या वर्षाची बेगमी त्या पांढऱ्या रंगात असते. बेथलेहेमच्या गोष्टीतही बर्फ कुठे नाही. तिथे रात्री रानात मेंढरं राखणारे मेंढपाळ आहेत, आणि असे मेंढपाळ आमच्या मुलांनी आर्वीच्या रस्त्यावर कितीदा तरी पाहिले आहेत.

झाड झालं तरी ती सजावट. मुलांचा जीव असतो गव्हाणीत.

ती आम्ही मातीची करतो. वर्ध्याची काळी माती या कामाला मोठी अवघड. भिजली की फुगते, वाळली की तडकते. नुसत्या काळ्या मातीची गाय केली तर सकाळपर्यंत तिच्या पाठीला भेग पडलेली असते. म्हणून तिच्यात कुटार आणि शेण मिसळायचं, थोडी पांढरी माती घालायची, आणि मळून एक रात्र ओल्या पोत्याखाली ठेवायची. हे मुलांच्या आजीने शिकवलं. तिने उभ्या आयुष्यात भिंती लिंपल्या आहेत, तिला माती हाताला लागली की कळते. थोरला सहा वर्षांचा आहे, त्याला घाई असते. धाकटी चार वर्षांची, ती मातीचा गोळा तळहातावर फिरवत बसते आणि शेवटी त्याचं कोकरू होतं. मी मधे पडत नाही. मेंढपाळापेक्षा कोकरू मोठं झालं तरी ते तसंच गव्हाणीपाशी जातं.

मागची भिंत करताना आम्ही सेवाग्रामची नक्कल करतो. तिथे गांधीजींच्या बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेनने हातांनी उठवलेली झाडं आहेत, चरखा आहे. ती झाडं ताडा-शिंदीच्या जातीची दिसतात, आणि तशी झाडं बेथलेहेमच्या मुलखातही शोभतील. आश्रमात गेलो की धाकटी त्या भिंतीसमोरून हलत नाही. घरी येऊन ती बोटाने तीच झाडं ओल्या मातीवर काढते.

गाय कुठली करायची याचा आमच्याकडे प्रश्नच येत नाही. ती गवळाऊ. पांढरी, चपळ, आर्वी-कारंज्याच्या पट्ट्यातली ही जात वर्धा जिल्ह्याची स्वतःची आहे. खरं म्हणजे लूकच्या शुभवर्तमानात गाय नाही, बैल नाही, गाढवही नाही. बाळाला कपड्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, एवढंच तिथे आहे. जनावरं मागाहून माणसांच्या प्रेमाने त्या गव्हाणीपाशी आणली. इटलीतल्या ग्रेच्यो गावी १२२३ साली असिसीच्या फ्रान्सिसने नाताळच्या रात्री खरी गव्हाण मांडली, तिच्यात खरं गवत पसरलं, खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं. गावच्या शेतकऱ्यांना ही गोष्ट आपल्या कोठ्यात घडताना दिसावी अशी त्याची इच्छा होती. ग्रेच्योत त्यांच्या गावचा बैल उभा राहिला, तर कारंज्याच्या गवळाऊने का मागे राहावं?

मातीत हात घातलेला असताना मुलं जे प्रश्न विचारतात ते गोष्ट ऐकताना विचारत नाहीत, हे मी अनेकदा पाहिलं आहे. एका संध्याकाळी थोरल्याने विचारलं, “आई, त्यांना जागा काहून नाही दिली कोणी?” त्याच्या हातात तेव्हा योसेफ होता, अजून मुंडकं न बसवलेला. मी सांगितलं की शिरगणतीसाठी खूप लोक गावात आले होते, उताराशाळा भरली होती. त्याने काही वेळ विचार केला. “पण बाळ होणार होतं ना? एखाद्याने तरी म्हणायचं ना, या म्हणून.” मग तो म्हणाला, “आपल्या शेताजवळ ते लोक राहून राहिले, त्यांच्यासारखे होते का ते?”

तो वेचणीला आलेल्या कुटुंबांबद्दल बोलत होता. हंगामात मध्य प्रदेशच्या सीमेकडून माणसं इकडे येतात, गाडीत भांडी, गाठोडी, लेकरं घेऊन. धुऱ्यावर ताडपत्रीचं पाल पडतं. बाया ओळीत वेचत असतात आणि बाभळीच्या फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत तान्हं बाळ झोपलेलं असतं. डिसेंबरात वर्ध्याला रात्री चांगलाच गारठा पडतो. “हो,” मी म्हटलं, “त्यांच्यासारखेच.” याच्या पुढे मी काही जोडलं नाही. दुसऱ्या दिवशी आजीला त्याने विचारलं, आपल्या कोठ्याच्या बाजूची खोली रिकामी आहे ना? ती खोली आता हंगामात रिकामी नसते. आजीने ती झाडून दिली, आबांनी दिव्याची सोय केली. एवढ्याशा गोष्टीला मी मोठं नाव देणार नाही, पण आमच्या घरात गव्हाण करण्याचं कारण विचारलं तर मी हेच सांगेन.

हातांनी काम करताना मूल विचार करायला लागतं, हे वर्ध्यात तरी नव्याने सांगायला नको. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला इथेच गांधीजींची शिक्षण परिषद भरली आणि हातकामातून शिकवणारी नई तालीम देशासमोर आली. त्या विचाराला शाळेचं रूप देण्यात ज्यांनी आपलं आयुष्य घातलं ते ई. डब्ल्यू. आर्यनायकम् जाफन्याकडचे ख्रिस्ती होते. ते आणि त्यांच्या पत्नी आशादेवी शांतिनिकेतनातून वर्ध्याला आले. त्याच शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९१०पासून २५ डिसेंबरला ख्रिस्तोत्सव सुरू केला होता. आणि वर्ध्यातल्याच मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा होते. तंजावरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेला, लंडनमध्ये हिशेबतपासणी शिकलेला हा माणूस सूटबूट सोडून खादीत आला आणि घाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या यांच्या मागे लागला. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४च्या डिसेंबरात स्थापन झाला तेव्हा जमनालाल बजाजांनी त्यासाठी मगनवाडी दिली. कुमारप्पांनी जबलपूरच्या तुरुंगात दोन पुस्तकं लिहिली, एक चिरंतन अर्थव्यवस्थेवर आणि एक येशूच्या शिकवणीवर. एकाच कोठडीत, एकाच हाताने. मला हे दोन्ही विषय वेगळे वाटत नाहीत, आणि त्यांनाही वाटले नसावेत.

मी लहान होते तेव्हा वर्गातल्या मुली कधी कधी विचारायच्या, तुमचा देव बाहेरचा ना गं? मला तेव्हा उत्तर यायचं नाही. माझ्या मुलांना ते यावं असं मला फार वाटतं, आणि ते वाद घालून यावं असं वाटत नाही. म्हणून मी त्यांना सेवाग्रामला नेते आणि सांगते की १९४२च्या जूनमध्ये लुई फिशर नावाचा अमेरिकन पत्रकार इथे आठवडाभर राहिला, तेव्हा गांधीजींच्या झोपडीच्या भिंतीवर त्याला एकच तसबीर दिसली, आणि ती येशूची होती. पवनारला धाम नदीच्या काठी त्यांना सांगते की इथल्या विनोबांनी गीताई लिहिली, तसंच बायबलमधली वचनं निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ही केलं. मुलांना यातलं निम्मं कळत असेल. पण नदी, पिंपळ आणि मातीची भिंत त्यांच्या लक्षात राहते, आणि त्यांच्या जोडीला ही नावंही राहतील.

गाण्यांचंही तसंच. डिसेंबर लागला की आमच्या मंडळीतली माणसं ढोलक, टाळ आणि पेटी घेऊन रात्री घरोघर जातात. आम्ही गातो त्यातली कितीतरी भजनं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. टिळकांच्या मनात ख्रिस्ताचा विचार पेरला गेला तो आमच्याच बाजूला, नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत, एका गोऱ्या सहप्रवाशाशी झालेल्या बोलण्यातून. पुढे १८९५ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि ओवी सोडली नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापलं गेलं होतं, आणि त्यात बाळ येशू मराठी ओवीत जन्मला होता. चारशे वर्षं झाली. माझी धाकटी टाळ उलटे धरते आणि भलत्याच जागी वाजवते. तिला कोणी थांबवत नाही.

सांताक्लॉजचं काय, असं मला इतर आया विचारतात. बजाज चौकातल्या दुकानांत लाल टोप्या लटकायला लागल्या की मुलांच्या नजरा तिकडे जाणारच. शाळेत तो येतो, चॉकलेटं वाटतो, मुलं खूश होतात. मी त्यांचा आनंद मोडत नाही. मी फक्त त्याच्या मागच्या माणसाची गोष्ट सांगते. मायरा नावाच्या गावी, आज जिथे तुर्कस्तान आहे तिथे, चौथ्या शतकात निकोलस नावाचा बिशप होता आणि तो अडलेल्यांना कळू न देता मदत करायचा अशी आख्यायिका आहे. कळू न देता, हे मुलांना भयंकर आवडलं. त्यामुळे आमच्याकडे मुलांना भेटी मिळतात त्याआधी मुलं भेटी ठेवतात. हातकागदाच्या पिशव्या खळीने चिकटवायच्या, त्यात कारंज्याचं एकेक संत्रं आणि दोन-दोन गोरसपाक घालायचे, आणि २४च्या रात्री शेजाऱ्यांच्या दाराशी ठेवून पळत घरी यायचं. कोणी पाहिलं तर ती पिशवी बाद, असा थोरल्याचा नियम आहे. शेजारच्या काकू दार उघडं ठेवून आत अंधारात बसतात आणि काही पाहिलं नाही असं दुसऱ्या दिवशी शपथेवर सांगतात. दिवाळीचा त्यांचा फराळ आमच्याकडे आलेला असतोच.

खाण्याचं फार सांगत नाही. करंज्या, चकल्या, शंकरपाळे घरी होतात, नानकटाईचं पीठ मळून बेकरीवर भाजायला नेतो, आणि केकची हौस मुलांचे बाबा पुरवतात. गोरसपाक मात्र वर्ध्याचाच हवा. गाईच्या तुपाचा तो वास आला की मुलांच्या लेखी नाताळ लागला.

२६ डिसेंबरला आम्ही पाव्हणेरावळे उरकून निवांत बसतो आणि आबा बाबा आमट्यांची गोष्ट काढतात. हा दिवस त्यांच्या जन्माचा. १९१४ला हिंगणघाटात, आमच्याच जिल्ह्यात ते जन्मले. महारोग्याला पाहून आधी घाबरलेला आणि मग त्याच्यासाठीच आनंदवन उभं करणारा माणूस, ही गोष्ट नाताळच्या दुसऱ्या दिवशी सांगायलाच जणू ठेवली आहे. आबा ती दरवर्षी तिथेच थांबून सांगतात, जिथे भीती वाटली म्हणून बाबांना स्वतःची लाज वाटली.

गव्हाण ६ जानेवारीपर्यंत उठत नाही, कारण पूर्वेकडचे ज्ञानी लोक तेव्हा पोचतात. मत्तयाने ते किती होते हे सांगितलेलं नाही, त्यामुळे आमच्याकडे त्यांची संख्या मातीच्या शिलकीवर ठरते. ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघतात आणि मुलं त्यांना रोज थोडं पुढे सरकवतात, आज फ्रिजवर, उद्या पुस्तकांच्या फळीवर. ४ जानेवारीला कुमारप्पांचा जन्मदिवस असतो, त्या सुमारास आम्ही मगन संग्रहालयात जाऊन येतो. गांधीजींनी १९३८च्या ३० डिसेंबरला ते उघडलं. पुढच्या वर्षीचा हातकागद तिथूनच आणतो.

यंदा मात्र आजीने एक नवीन गोष्ट काढली. सगळी मांडणी नीट न्याहाळून ती म्हणाली, “राजे केले, मेंढपाळ केले, गाय केली. अवं, दाई कुठी हाय? तिच्याबिगर लेकरू कसं झालं?” मी बायबल आठवून पाहिलं, दाई तिथे नाही. पण पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती चित्रांत बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाया हमखास असतात, आणि त्या कुणाच्या तरी आजीनेच काढायला लावल्या असतील अशी माझी खात्री आहे. धाकटीने लगेच माती मागितली. दाई झाली, नऊवारी नेसलेली, कमरेवर हात ठेवलेली. तिच्यासमोर बाटलीच्या झाकणाचं घंगाळ आलं. ती राजांसारखी सावकाश येऊन चालणार नाही, २४च्या रात्री सगळ्यांच्या आधी तिथे हजर पाहिजे, असं आजीने ठरवून दिलं. आता घंगाळात ऊन पाणी कुठून येणार, म्हणून थोरला चूल करायला बसला आहे.