माथेरानला जायचंय? आधी वही काढा!

मुलांनो, सुट्टीचा बेत यंदा तुम्हीच आखा. समजा, माथेरान ठरलं. नेरळहून वर जाणारी २१ किलोमीटरची चिमुकली रेल्वे १९०७ साली सुरू झाली. तिच्या रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट! पण पावसाळ्यात ती नेरळ ते अमन लॉज बंद असते. तेव्हा गाडी चालू झाली का, ते बाबांना आधी विचारायला सांगा.

स्वतःची मोटार असली, तरी ती दस्तुरीलाच ठेवावी लागते. पुढं गावापर्यंत अडीच-तीन किलोमीटर! तुम्ही उड्या मारत जाल हो, पण आजीचे गुडघे? अन् कडेवरचं धाकटं? त्यांच्यासाठी जवळच्याच अमन लॉजहून छोटी गाडी बरी.

म्हणून वहीत पहिला प्रश्न आजीला : किती चालवेल? मग पॉइंट मोजा. दिवसाला दोन पुरे. सगळे पॉइंट ‘उरकणाऱ्यां’ची मला तर कीवच येते! पहाटेचा पॅनोरमा लांब आहे, तिथं तुम्ही बाबांबरोबर जा. दुपारी झाडाखाली पत्ते. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटचा सूर्यास्त मात्र सगळ्यांनी मिळून. आजी घोड्यावर बसते म्हणाली, तर मग काय मज्जा!

आणि हो, खाऊ पिशवीत नीट बांधून ठेवा. तिथली माकडं भारी धीट असतात.