मनगटातला जोर

पोशीरला नदीकाठच्या आमच्या मळ्यात पाणी उपसायला एक जुने किर्लोस्कर डिझेल इंजिन आहे. मध्यंतरी त्याचे हँडल एका हाताने गरगर फिरू लागले. साठीतही मनगटात जोर आहे, असे मी घरी ऐकवू लागलो. इंजिन निळा धूर सोडी, वंगणतेलही पिई. पण मोठेपणा मिळत असता धुराकडे कोण बघतो?

शेवटी वांग्यांनी माना टाकल्या, तेव्हा कर्जतहून फिटर आणला.

“काका, रिंगा झिजल्यात. कॉम्प्रेशनच उरलं नाही, म्हणून हलकं फिरतंय!”

लायनर, पिस्टन, रिंगा, सगळे नवे बसवले. आता डिकॉम्प्रेशनची खिट्टी सोडली, की हँडल माझ्यासकट जागीच थांबते. हँडल सूनबाई मारते. खिट्टीचे खाते माझ्याकडे आहे.