खुशालीचं कार्ड

वाईच्या आसपासच्या गावांतून आजारी माणसाला मुंबईला हलवायचं ठरलं, की दोन गोष्टींची जमवाजमव व्हायची. पैशांची आणि पोस्टकार्डांची. 1980 च्या दशकात कार्ड 15 पैशांना मिळायचं. आजोबांना परळच्या टाटा रुग्णालयात नेलं तेव्हा आईनं धाकट्या काकांच्या पिशवीत कार्डांचा गठ्ठाच घातला. प्रत्येकावर घरचा पत्ता आधीच लिहिलेला, म्हणजे दमलेल्या हाताला तेवढेच कष्ट कमी.

1941 साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयात तेव्हाही देशभरातून माणसं येत. काका दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरले होते. दिवसभर आजोबांजवळ बसायचं आणि रात्री कार्ड लिहायचं. त्यात डॉक्टर काय म्हणाले, जेवण किती गेलं, झोप लागली का, पैसे किती उरले, हे सगळं ओळीनं असायचं. जागा थोडी, त्यामुळे फाफटपसारा नसे. शेवटी ‘काळजी नसावी’ हे ठरलेलं.

कार्ड दोन-तीन दिवसांनी पोचायचं. पडवीत सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं जायचं आणि ऐकायला पोस्टमनही थांबायचे. मग त्यातला मजकूर उतरवून पुण्याच्या आत्याला वेगळं कार्ड जायचं. आजी वाचलेलं कार्ड देवघरात ठेवायची.

तो काळ सुखाचा होता असं मी म्हणणार नाही. कार्डातली खबर तीन दिवस शिळी असायची. ‘काळजी नसावी’ या दोन शब्दांआड बायकांपासून किती काय लपवलं जायचं! तार आली की पाकीट फोडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. तारेनं बोलावलेली कितीतरी माणसं एसटीनं पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. पुढे एसटीडीचे पिवळे बूथ आले. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून लोक जेवून रांगेत उभे राहायचे आणि यंत्रावरच्या लाल आकड्यांकडे बघत घाईघाईनं तब्येत सांगायचे. तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली. तिची हळहळ मला वाटली नाही.

आज पुण्यात मी आईची शुश्रूषा करते आहे. तिला अर्धांगवायू झाला आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून पातळ अन्न द्यायचं, रक्तदाब आणि साखर लिहून ठेवायची, व्यायाम करून घ्यायचा. व्हॉट्सॲपवर ‘आईची तब्येत’ नावाचा ग्रुप आहे. न्यू जर्सीतल्या भाच्याला तपासणीचा अहवाल क्षणात दिसतो. व्हिडिओवर पणतीला पाहून आईनं डावा हात उचलला, तेव्हा तो आनंद तीन शहरांत एकाच वेळी झाला. हे सुख आजीला मिळालं नाही.

पण फोन दिवसभर वाजतो. एकच प्रश्न दहा जण वेगवेगळा विचारतात. कुणी काढा सुचवतं, कुणी नळीचा फोटो मागतं. बातमी देण्यातच शुश्रूषा करणाऱ्याची शक्ती संपते. मग मला काकांची कार्डं आठवली आणि मी त्यांची शिस्त उचलली. रात्री नऊला एकच निरोप: जेवण, झोप, औषध, डॉक्टर काय म्हणाले आणि उद्या कशाची गरज आहे. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं ग्रुपचं सेटिंग केलं. आईला विचारल्याशिवाय तिचा फोटो टाकायचा नाही हेही ठरवलं. ती मानेनं हो किंवा नाही सांगते. आजारी माणसाच्या अब्रूचा विचार कार्डात आपोआप व्हायचा, आता तो मुद्दाम करावा लागतो.

कार्डाच्या काळातली एक गोष्ट मात्र कुठल्याही सेटिंगनं परत येत नाही, ती म्हणजे घरून जाणारं उत्तर. काकांच्या कार्डाला उत्तर जायचं, ‘सोमवारच्या गाडीनं दादा निघतो आहे, तू दोन दिवस झोप काढ.’ खबर कळणं आणि पाळी बदलायला माणूस निघणं, यांत फार अंतर नव्हतं. आज खबर पोचते त्याच क्षणी, आणि उत्तरात जोडलेल्या हातांची चित्रं येतात. ती पाठवणाऱ्यांच्या मनात माया आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मायेनं रात्रीचं जागरण वाटून घेतलं जात नाही.

तुमच्या घरात कुणी आजाऱ्यापाशी बसलेलं असेल, तर त्याचा रोजचा निरोप नीट वाचा आणि तेच पुन्हा विचारू नका. उत्तर द्यायचंच असेल, तर कोणत्या दिवशी येणार आणि किती दिवस राहणार, ते कळवा.