बलक मांजराला

आमची मनी अकरा वर्षं माझ्या अज्ञानावर पोसली गेली.

२००८ साली यांचा रिपोर्ट आला: एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८. त्या दिवसापासून यांच्या ताटात अंड्याचा बलक पडला नाही. उकडलेलं अंडं उभं चिरायचं, अंगठ्याने तो पिवळा गोळा अलगद काढायचा, पांढऱ्या वाट्या यांना आणि बलक मनीला. मनी गोल झाली. हे बिचारे मिरपूड भुरभुरून ते पांढरं चघळत राहायचे, आणि मला उगीचच पतिव्रता असल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी मात्र चहाबरोबर चार खाऱ्या. बेकरीतून वर्तमानपत्रात बांधून आणलेल्या. पुडी सोडली की कागदावर डाग पसरलेला असायचा, इतका की पलीकडच्या पानावरची अक्षरं अलीकडून दिसायची. तो डाग कशाचा, हा प्रश्न मला कधी पडला नाही. खारी काही तळलेली नव्हे, शिवाय शाकाहारी. पुढे ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेली पाकिटं मिळायला लागली, तेव्हा मी एकाऐवजी दोन आणू लागले.

यांची भाची आहारतज्ज्ञ. ओट्यापाशी उभी राहून ती एकदा म्हणाली, “मामी, वनस्पतीतून आलेल्या तेला-तुपात कोलेस्टेरॉल असतं कधी?” म्हणजे पाकिटावरचं वाक्य खरं होतं आणि बिनकामाचंही.

मग तिने जे सांगितलं ते मी दोनदा ऐकून घेतलं. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, बरंचसं यकृतात. एका बलकात १८०-१९० मिलिग्रॅम असतं खरं, पण तेवढं पोटात गेलं की बऱ्याच जणांचं यकृत आपलं काम थोडं आवरतं घेतं. खरा घोळ संपृक्त चरबीचा. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर असतात. त्यांच्या शोधाशी जोडलेल्या कामाबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टीन या संशोधकांना १९८५चं नोबेल मिळालं. संपृक्त चरबी फार झाली की हे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. खारीत पडणाऱ्या डालड्यातलं ट्रान्स फॅट तर त्याहून वाईट, कारण ते एलडीएल वाढवतं आणि वर चांगलं एचडीएल उतरवतं. २०२२ पासून आपल्याकडे त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. पण खारीतला डाग काही गेलेला नाही. डालड्याच्या जागी आलेलं पामतेल निम्मं संपृक्तच असतं.

माझा बलकद्वेष आला होता अमेरिकेतून. तिथल्या हार्ट असोसिएशनने १९६८मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला तीन बलक अशी मर्यादा घातली होती. २०१५च्या अमेरिकी आहार-मार्गदर्शनातून तो आकडा गेला. माझ्या स्वयंपाकघरात तो आणखी चार वर्षं मुक्कामाला होता.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण एकदा फसलेलं माणूस दुसऱ्या टोकाला जातं. लॉकडाऊनमध्ये फोनवर रोज तुपाचं गुणगान येत होतं, सासूबाईंचाही तुपावर फार जीव. मी भातावर, पोळीवर, वरणात, सगळीकडे तूप ओतू लागले. दोन मोठे चमचे तुपात सतरा-अठरा ग्रॅम संपृक्त चरबी असते; जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दोन हजार कॅलरी खाणाऱ्याने दिवसभरात बावीसच्या आत राहावं. २०२१चा रिपोर्ट मी उघडला आणि यांच्यासमोर न ठेवता आधी डब्यांच्या मागे सारला.

आता तूप चमचाभरच, वासापुरतं. खारी सणासुदीला. मटकी, चवळी, राजमा वाढवले, आणि ज्या इसबगोलाची मी बद्धकोष्ठाचं औषध म्हणून टिंगल करायची, तो रोज पाण्यात कालवला जातो. त्यातला विरघळणारा तंतू आतड्यात पित्त धरून बाहेर नेतो. नवं पित्त बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल खेचावं लागतं. एवढं साधं कारण माहीत असतं तर मी हसले नसते.

शेवटची कबुली. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मी कितीतरी महिने सुरूच होऊ दिली नव्हती, ‘आहाराने जमेल’ म्हणून. नुसत्या आहाराने यांचं जमलं नाही. आता हे रोज रात्री जेवणानंतर गोळी घेतात आणि सकाळी अख्खं अंडं खातात, बलकासकट.